बक्षीस एकाला, पत्र सगळ्यांना

यंदाही तो म्हशीवाला आला. एकोणीस कादंबऱ्यांच्या गठ्ठ्यात वरून सातवा. तेच रेघांचे फुलस्केप कागद, तेच मास्तरी वळणदार अक्षर, आणि नावाच्या जागी फक्त क्रमांक. खरं तर पुस्तकात म्हैस आता उरली नव्हती, तिला त्यानं दुसऱ्याच वर्षी हाकलून दिलं होतं. पण माझ्या लेखी त्याचं नाव म्हशीवालाच राहिलं. "या माणसाला लाज म्हणून नाही," मी मोठ्यानं म्हटलं. घरात ऐकायला कोणी नव्हतं, तरी म्हटलं.

आमच्या नाशिकमधलं एक जुनं वाचनालय कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या, अजून न छापलेल्या कादंबऱ्यांची स्पर्धा घेतं. मी शाळेतून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी या स्पर्धेची परीक्षक आहे. दुसरा परीक्षक दरवर्षी बदलतो. मी बदलत नाही, कारण वाचनालयाचा कार्यवाह सुनील हा माझा विद्यार्थी. आठवीत मी त्याला मराठी शिकवलं. आज त्याचे केस पिकले आहेत, पण माझ्यासमोर तो अजून खुर्चीच्या टोकावर बसतो आणि मला 'बाई' म्हणतो.

माझी वाचायची पद्धत साधी आहे. पेन्सिल घेऊन बसायचं आणि जिथं कंटाळा आला तिथं समासात एक बारीक रेघ मारायची. सातवीतलं पोर तिसऱ्या रेघेला पुस्तक मिटतं आणि खेळायला जातं, हे मी चाळीस वर्षं डोळ्यांनी बघितलंय. यंदा एक कादंबरी किल्ल्यावर हरवलेल्या चार मुलांची होती. भाषा चकचकीत, रहस्यही बरं, पण चारही पोरं पेन्शनर माणसांसारखी बोलत होती. दुसरी, अडखळत बोलणाऱ्या एका मुलीची. गावच्या जत्रेत लाउडस्पीकरवर हरवलेल्या मुलांची नावं पुकारायचं काम तिच्यावर येतं. भाषा ओबडधोबड, शेवट घाईचा, पण दीडशे पानांत माझी पेन्सिल दोनदाच उचलली गेली. मी त्या मुलीला पहिलं ठरवलं. दुसऱ्या परीक्षकांना किल्ला हवा होता. मी त्यांना विचारलं की किल्ल्यावरच्या चौघांपैकी एकाचं तरी नाव आठवतं का सांगा. त्यांना आठवेना, आणि निकाल लागला.

पण निकाल हे माझं खरं काम नव्हतंच. बक्षीस एकालाच देता येतं. बाकीच्या अठरा जणांनी नोकरी, संसार, शेती सांभाळून काही लिहिलेलं असतं, त्यांना छापील शुभेच्छा पाठवणं म्हणजे दारात आलेल्याला पाणीही न विचारणं. म्हणून पहिल्याच वर्षी मी सुनीलला अट घातली होती, बक्षीस एकाला, पत्र सगळ्यांना. प्रत्येक कादंबरीवर मी हातानं दोन-तीन पानं लिहायची. काय जमलंय, काय फसलंय, पोर कुठे पुस्तक मिटेल आणि का. लेखकांची नावं परीक्षकाला कळू नयेत असा नियम आहे, त्यामुळे मी पाकिटावर फक्त क्रमांक घालायची. नावं सुनीलकडे, बंद लखोट्यांत. त्यानं पत्ता लिहायचा आणि पोस्टात टाकायचं.

माझा नवरा गेला, मुलगी बंगळुरूला गेली, आणि जून-जुलैमधली ती पत्रं हेच माझं जगणं झालं. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. सुनीलला मात्र ठाऊक होतं. दर दिवाळीत तो फराळाला यायचा आणि चकली मोडता मोडता सांगायचा, अमक्यांचा फोन आला होता, बाई, तमक्यांनी पत्र फ्रेम करून लावलंय. एकदा म्हणाला, चाळीसगावच्या एक बाई फोनवर रडल्या, म्हणाल्या की इतक्या बारकाईनं माझं आजवर कोणी वाचलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी पुढची दिवाळी गाठली.

म्हशीवाला पहिल्यांदा आला तो चार वर्षांपूर्वी. कादंबरी बागलाणकडच्या एका खेड्यातल्या मुलाची, माणसं बोलायला लागली की अहिराणी. दहापैकी नऊ प्रकरणं म्हणजे शुद्ध प्रार्थनेनंतरचं भाषण: झाडं लावा, वडीलधाऱ्यांचं ऐका. समास रेघांनी भरला. पण तिसऱ्या प्रकरणात घरची भाकड म्हैस विकली जाते, आणि तो मुलगा रिकाम्या गोठ्यात जाऊन खुंटाशेजारी बसतो. बस, एवढंच. त्या सात पानांवर मला पेन्सिल लावता आली नाही. मी ते प्रकरण तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना रडले. मी सहसा रडत नाही.

त्याला मी पाच पानी पत्र लिहिलं. त्याच्याच प्रकरणातला एक उतारा उतरवून काढला आणि लिहिलं, की बाकीची नऊ प्रकरणं फाडून टाका, हे एक ठेवा आणि इथून पुन्हा सुरू करा.

पुढच्या वर्षी कादंबरी परत आली. नऊ प्रकरणं जशीच्या तशी, आणि तिसरं प्रकरण गायब.

मला झोंबलं, खोटं कशाला बोलू. तरी पुन्हा लिहिलं, समजावून लिहिलं. तिसऱ्या वर्षी कादंबरीत पूजा नावाची एक मुलगी उगवली होती. ती दर प्रकरणात यायची, काहीतरी धाडसी बोलायची आणि जायची. चौथ्या वर्षी सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. आणि यंदा डाळिंबाच्या बागेवरून ड्रोन उडत होता. पालथ्या घड्यावर पाणी. मी जीव तोडून लिहितेय आणि हा माणूस बरोबर त्याच्या उलट करतोय, म्हणजे हा माझी टर उडवतोय, असं माझं पक्कं मत झालं. यंदाच्या पत्रात मी एकच वाक्य लिहिलं: 'ज्याला शिकायचंच नाही त्याने मुलांसाठी लिहू नये आणि परीक्षकाचा वेळही घेऊ नये.' पाकीट चिकटवलं, क्रमांक घातला, सुनीलकडे दिलं.

बक्षीस समारंभ सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी, वाचनालयाच्याच सभागृहात झाला. परीक्षकांचं मनोगत म्हणून मी दरवर्षी वीसेक मिनिटं बोलते. यंदा बोलता बोलता राग वर आला. मी म्हटलं, "आमच्याकडे एक लेखक आहेत. पाच वर्षं एकच कादंबरी पाठवतात, आणि दरवर्षी आणखी बिघडवून पाठवतात. चिकाटीचं म्हणून काही बक्षीस असतं तर ते त्यांना दिलं असतं." सभागृह हसलं. तिसऱ्या रांगेत बसलेला चाळिशीचा एक माणूस मात्र हसला नाही. तो मान खाली घालून वहीत काहीतरी लिहून घेत होता.

चहाच्या वेळी तो माझ्याकडे आला. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, हातात ती वही. वाकून नमस्कार केला.

"मॅडम, मी गोरक्ष अहिरे. नामपूरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे," तो म्हणाला. "तुम्ही मघाशी बोलले ना, तो मीच."

मी हातातला कप बाजूला ठेवला. मी चाळीस वर्षं वर्ग सांभाळलाय, एवढ्यानं मी माघार घेत नाही. मी त्यांना म्हटलं, बरं झालं भेटलात, आता तोंडावर सांगा की मी एवढं लिहून कळवते ते तुम्ही वाचता तरी का.

"काय लिहून कळवता, मॅडम?"

"माझी पत्रं."

ते गोंधळले. पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं आणि त्यातून पाच कागद काढून माझ्यापुढे धरले. पाचही सारखे, छापील, वाचनालयाच्या शिक्क्याचे. 'आपले हस्तलिखित पारितोषिकास पात्र ठरू शकले नाही. आपल्या पुढील लेखनास शुभेच्छा.' खाली सुनीलची सही.

"एवढंच येतं," गोरक्ष म्हणाले. "काय चुकलं ते काय कळत नाय. मंग मी भाषण ऐकायला येतो. सकाळची एसटी धरतो. तुम्ही काय बोलता ते लिहून घेतो आणि तसं दुरुस्त करतो."

त्यांनी वही उघडून दाखवली. दर वर्षाचं एक पान, वर तारीख, खाली त्याच सुबक अक्षरात मुद्दे. दुसऱ्या वर्षी, 'मुली कुठे आहेत? कादंबरीत मुलगी पाहिजे.' तिसऱ्या वर्षी, 'आजच्या मुलाच्या हातात मोबाइल आहे हे लेखक विसरतात.' चौथ्या वर्षी, 'विज्ञान.' ही सगळी माझी वाक्यं होती. कुठल्या तरी दुसऱ्याच कादंबऱ्यांवर, सहज, टाळ्या मिळाव्यात म्हणून टाकलेली. मी पान मागे उलटलं. पहिल्या वर्षीच्या पानावर पहिलाच मुद्दा होता, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

'प्राणी आता पुरेत.'

ते मी बोलणाऱ्या सशांबद्दल म्हटलं होतं. त्या वर्षी तीन कादंबऱ्यांत ससे बोलत होते.

"म्हणून म्हैस काढलीत?" मी विचारलं.

"हो. लय जीव होता माझा त्या प्रकरणावर. पण तुम्ही बोलले म्हटल्यावर काढलं. कच्च्या वहीतली पानं पण फाडून चुलीत घातली, परत मोह नको."

वाचनालय आलेली हस्तलिखितं परत करत नाही, निकालानंतर ती रद्दीत जातात. म्हणजे ते प्रकरण आता जगात कुठेच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, इथंच थांबा, कुठे जाऊ नका. त्यांनी सांगितलं की सटाण्याची गाडी साडेपाचला आहे, तोवर थांबतो. मी कार्यालयात गेले.

सुनील पाहुण्यांसाठी आणलेल्या शाली कपाटात ठेवत होता. मी दार लावलं आणि विचारलं, "पत्रं कुठे आहेत?"

कुठली पत्रं, असं त्यानं विचारलं नाही. तिथंच मी खचले. तोवर मला वाटत होतं की पोस्टात काही घोळ झाला असेल, एखाद्या कारकुनानं आळस केला असेल. सुनील वाकला, लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि सुतळीनं बांधलेले गठ्ठे एकेक करून टेबलावर ठेवले. प्रत्येक गठ्ठ्यावर वर्ष लिहिलेलं. आत माझी पाकिटं, माझे क्रमांक, आणि पत्त्याच्या जागी काहीच नाही. सगळ्यांच्या कडा मात्र व्यवस्थित फोडलेल्या. त्यानं वाचली होती.

"पहिल्या वर्षी पाठवली होती, बाई. सगळी पाठवली," तो म्हणाला. "नांदगावच्या एक शिक्षिका होत्या. त्यांचा नवरा पत्र घेऊन इथं आला. म्हणाला, हे वाचल्यापासून ती लिहीत नाही, सगळ्या वह्या रद्दीत घातल्या, तुम्ही हे काय पाठवलंत? मी त्याला चहा पाजला आणि माफी मागितली. त्यानंतर नाही पाठवली."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहिणं सोडलं असतं. साहेब गेले होते तेव्हा नुकतेच."

"आणि ते फोन? चाळीसगावच्या बाई?"

तो आठवीतल्यासारखा जमिनीकडे बघत उभा राहिला. "दिवाळीत तुम्ही दारातच विचारायच्या, कोणाचा फोन आला का. काहीतरी सांगावं लागायचं."

केसानं गळा कापणे हा वाक्प्रचार मी किती वर्गांना शिकवला असेल, अर्थ सांगितला असेल, वाक्यात उपयोग करायला लावला असेल. तो कसा कापतात ते मला त्या दिवशी कळलं. पत्रं न पाठवणं एक वेळ मी समजू शकले असते. पण दहा दिवाळ्या याच माणसानं माझ्या घरी बसून, माझ्या हातची चकली खात, मला खोटे आभार भरवले होते आणि मी ते गिळले होते. माझ्यावर दया केली होती त्यानं. मी त्याला म्हटलं की तू चोरी केली असतीस तर बरं झालं असतं, चोर निदान समोरच्याला खुळा समजत नाही. आणखीही पुष्कळ बोलले, ते इथं लिहीत नाही.

सगळं ऐकून घेतल्यावर तो एवढंच म्हणाला, "आठवीत माझ्या निबंधावर तुम्ही लिहिलं होतं, 'यापेक्षा कोरं पान बरं.' मी त्यानंतर कधी काही लिहिलं नाही, बाई. तक्रार म्हणून नाही सांगत. तुमच्या पत्रांचं काय होतं ते मला माहीत होतं, एवढंच."

मला तो निबंध आठवला नाही. अजूनही आठवत नाही. मी असे शेरे वह्यांवर रोजच मारत होते.

मी गठ्ठ्यांतून म्हशीवाल्याची पाच पाकिटं शोधून काढली. यंदाचं हातात आलं तेव्हा सुनीलला विचारलं, की हेही वाचलंस का. वाचलं, म्हणाला. मग म्हणाला, "हे तर कधीच पाठवलं नसतं."

मी बाहेर आले. गोरक्ष पाण्याच्या कूलरजवळ, वही छातीशी धरून उभे होते. मी त्यांना म्हटलं की पत्रं मी लिहिली होती, तुमच्यापर्यंत पोचली नाहीत, चूक आमची आहे. आणि पहिल्या वर्षीचं पत्र त्यांच्या हातात दिलं.

ते उभ्याउभ्याच वाचायला लागले, ओठ हलवत, एकेक ओळ. दुसऱ्या पानावर तो उतारा होता. तो मला आता पाठच आहे:

'म्हैस गेली त्या दिवशी आईनं गोठा झाडला नाही. खुंटाभोवती तिच्या खुरांनी घासून गोल पडला होता, तेवढा राहिला. मी त्या गोलात जाऊन बसलो. आई हाका मारत होती. मी मोठ्यानं म्हटलं, मी आठेच शे. पण ते मी आईला सांगत नव्हतो.'

गोरक्ष तिथं, 'मी इथंच आहे' म्हणणाऱ्या त्या पोरापाशी, थांबले. परत पहिल्यापासून वाचलं. मग मान वर करून म्हणाले, "असं लिहायला पायजे, मॅडम. हे कोणाच्या पुस्तकातलं आहे?"

"तुमच्या," मी म्हटलं.

त्यांना आठवायला वेळ लागला, आणि आठवलं तेव्हा त्यांनी कागद हळूच उलटा करून बघितला. मागच्या बाजूला आणखी काही असेल असं वाटलं असावं. मागे काही नव्हतं. सात पानांपैकी तेवढ्याच ओळी उरल्या होत्या. मला वाटलं ते आता रागावतील. मला ते हवं होतं, मी त्यासाठी तयार उभी होते.

त्यांनी खिशातून पेन काढलं. वही उघडली, पहिल्या वर्षीचं पान काढलं, 'प्राणी आता पुरेत' यावर सरळ काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'म्हैस चालते.'

"बरोबर ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. ज्या माणसाला ते प्रकरण कोणी न सांगता सुचलं होतं, त्याला मी पाच वर्षांत इथवर आणून सोडलं होतं.

पुढची तीन पाकिटंही मी त्यांना दिली. त्यांनी ती वर्षांप्रमाणे लावून फोल्डरमध्ये ठेवली, मोजली आणि म्हणाले, "मॅडम, यंदाचं?"

यंदाचं माझ्या पर्समध्ये होतं. त्यात एकच वाक्य होतं. सुनील चहाचे दोन कप घेऊन आमच्यामागे येऊन उभा राहिला होता, आणि ते वाक्य त्यालाही माहीत होतं.

"यंदाचं लिहायचं राहिलं," मी म्हटलं. "चांगलं आहे तुमचं लिखाण. सवडीनं कळवते."

गोरक्षांचा चेहरा उजळला. त्यांनी पुन्हा वाकून नमस्कार केला आणि ते गाडी गाठायला गेले. सुनीलनं एक कप माझ्यापुढे धरला. मी त्याच्याकडे न बघता तो घेतला.